पाठमोरी

"टी-शर्ट घालून पाण्यात उतरता येत नाही," असं पोहायला शिकवणारी तूरुन त्या नव्या दाढीवाल्याला दुसऱ्यांदा सांगत होती, आणि सांगता सांगता तिची नजर त्या टी-शर्टावरच्या चित्रावर गेली, तेव्हा मानेवरून कुणीतरी ओला हात फिरवावा तसं तिला झालं. चित्रात तसं नवीन काही नव्हतं. काळं कापड, त्यावर करडं धुकं, वर काटेरी झुडपासारखी न वाचता येणारी अक्षरं, आणि धुक्यात पाठमोरं उभं कुणीतरी. डोक्यावरून पुढे ओढलेलं टोपडं, पाठीवर काटक्यांचा भारा, कमरेला लोंबकळणारं गोल काहीतरी. असले टी-शर्ट बर्गन शहरात पावलोपावली दिसतात. गेली तीस वर्षं ती ते बसमध्ये, मासळीच्या दुकानात, दंतवैद्याकडे बघत आली होती. असल्या संगीताला ब्लॅक मेटल म्हणतात आणि ते वाजवणारी मुलं चेहऱ्याला पांढरं-काळं फासतात, एवढं तिला ठाऊक होतं. पण या पाठमोऱ्या आकृतीचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता, हातात नसलेली बादली धरल्यासारखा. लहानपणी पोहण्याच्या शर्यतीआधी तिचे मास्तर काठावरून ओरडायचे, "तूरुन, डावा खांदा!" स्वतःची पाठ माणसाला कधी दिसत नाही. तरी तिला ती ओळखू आली, गर्दीत आपल्या आईचा आवाज ओळखू यावा तशी. तेवढ्यात त्या दाढीवाल्याने एकदाचा धीर करून टी-शर्ट डोक्यावरून ओढला, चित्र ताणलं गेलं, उलटं झालं आणि बाकावर जाऊन पडलं. "काढला," तो म्हणाला. "आता काय?" तूरुनने शिट्टी उगाचच गळ्यातून काढून परत घातली. "आता पहिल्या पायरीवर बस आणि पाण्यात फुंकर मार," ती म्हणाली, आणि तो सहा फुटी गडी पायरीवर बसून लहान मुलासारखे बुडबुडे काढू लागला.

त्याचं नाव वेमुंड. बेकरीत भट्टीवर काम करायचा. डिसेंबरात त्याच्या बायकोला मूल होणार होतं, आणि बाळांच्या पोहण्याच्या वर्गात बापानेच बाळाला घेऊन पाण्यात उतरायचं, असं बायकोने ठरवून टाकलं होतं. पाणी गुडघ्याच्या वर आलं की वेमुंडचा श्वास अडायचा. प्रौढांच्या वर्गात तूरुनकडे असे पुष्कळ यायचे, भित्रे आणि त्याबद्दल ओशाळलेले. त्यांना ती कधी 'घाबरू नका' म्हणत नसे. त्या शब्दात घाबरणं आधीच बसलेलं असतं, असं तिचं मत होतं. त्या दिवशी मात्र तिचं शिकवण्यात लक्ष नव्हतं. दोनदा तिने एकीलाच पाय मारायला सांगितले. तास संपल्यावर वेमुंड टी-शर्ट घालून, ओली दाढी त्यावर टेकवून निघून गेला, आणि तूरुन दारात उभी राहून पाहत राहिली. पण आता तो पाठमोरा होता, आणि चित्र पुढच्या बाजूला.

घरी रैदार मासळीचे वडे तळत होता आणि तिच्या चपला वाजल्याबरोबर बोलायला लागला. रैदार चाळीस वर्षं शहराची बस चालवून निवृत्त झाला होता. बसमध्ये 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी असायची, त्याचा वचपा तो घरी काढतो, असं त्यांची मुलगी म्हणायची. "शनिवारचं पक्कं झालं," तो म्हणाला. "सकाळच्या गाडीने यायचीत ती दोघं, घर बघायला. आवाजावरून भली वाटतात. तिचा आजोबाही बसवर होता म्हणे, सांग आता. मी म्हटलं, घर लहान आहे, पण छप्पर धड आहे. वडे जरा करपलेत, ते मी खाईन. एकदा ते वरचं घर गेलं की आपण मोकळे. मग स्पेन. ऊन, तूरुन. सकाळी उठलं की ऊन." वरचं घर म्हणजे उप्सेते स्टेशनच्या वर, रस्ता पोचत नाही अशा ठिकाणचं त्यांचं दोन खोल्यांचं लाकडी घर. रैदारचं खुब्याचं हाड दुखायला लागलं होतं, तूरुन तिकडे जायचं म्हटलं की काहीतरी काम काढायची, तेव्हा विकणंच बरं, हे वसंतातच ठरलं होतं. तिने होकार दिला होता. होकार देणं तिला जड गेलं नव्हतं. "तुला तरी कुठे आवडतं तिथे," रैदार वडा उलटत म्हणाला, "त्या दिवसापासून." त्या दिवसापासून. हे दोन शब्द तिच्या संसारात इतके वापरले गेले होते की त्यांचे कोपरे झिजून गुळगुळीत झाले होते. तो दिवस म्हणजे चौऱ्याण्णवच्या मार्चमधला, ईस्टरच्या आधीचा. डोंगरभटक्यांच्या मंडळातले पाच-सहा जण बर्फावरच्या वाटेला खुणेच्या काठ्या रोवत निघाले होते, तूरुन सगळ्यात मागे होती, धुकं उतरलं, ती हरवली. संध्याकाळी सापडली. रैदार ही गोष्ट दर ईस्टरला सांगायचा, संत्री सोलत सोलत, आणि दरवर्षी तिच्यात थोडी भर पडायची. आधी तिचे ओठ निळे होते, मग ती थरथरत होती, मग तिला बोलताच येत नव्हतं, आणि अलीकडे तर तिने त्याला ओळखलंच नव्हतं. "बिचारी इतकी भेदरली होती," असं तो म्हणायचा, आणि त्या जागी त्याचा स्वतःचाच आवाज भरून यायचा. मुलं, जावई, शेजारी तूरुनकडे बघायचे, आणि ती मान हलवायची. मान हलवता हलवता तिला आठवायलाही तसंच लागलं होतं. आपण धुक्यात उभे आहोत, ओठ निळे आहेत, थरथरतो आहोत. पण त्या आठवणीत तिला स्वतःचा चेहरा समोरून दिसायचा, रैदारला दिसला असेल तसा. आत्ता वडे खाताना पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की हे जरा विचित्र आहे. स्वतःच्या आठवणीत माणसाला स्वतःचा चेहरा कसा दिसेल?

पुढच्या तासाला वेमुंड तोच टी-शर्ट घालून आला. त्याच्याकडे तसले सात होते, पण हा आवडता, असं त्याने सांगितलं. तूरुन त्याला तलावाच्या उपाहारगृहात घेऊन गेली, बनपाव आणि कॉफी घेतली, आणि पोहण्याच्या मास्तरणीला शोभेल अशा कोरड्या आवाजात म्हणाली, "सरळ बस. छाती पुढे काढ. मला हे चित्र बघायचंय." वेमुंड लाजला. मग खुलला. भित्र्या माणसाला त्याच्या आवडीचं काही विचारलं की तो कसा उमलतो, हे तूरुनला धंद्यामुळे ठाऊक होतं. "बाई, हे एका फार मोठ्या तबकडीवरचं चित्र आहे," तो म्हणाला. "म्हणजे विकली गेली तीनचारशे. पण मोठी." बँडचं नाव त्याने सांगितलं, ते तिला खोकल्यासारखं ऐकू आलं. गिटारवाल्याच्या काकांचं वर उप्सेतेला घर होतं. तबकडीच्या वेष्टनासाठी डोंगराचे फोटो काढावेत म्हणून तो गेला आणि धुक्यात अडकला. "त्याने डोंगराचा फोटो काढला. तिथे कुणी नव्हतं. आणि फोटो धुऊन आले तर हे उभं," वेमुंड बोट ठेवून म्हणाला. "काही जण म्हणतात ती प्लेगच्या साथीतली म्हातारी आहे, घरोघर मरण वाटत हिंडायची ती. काही जण म्हणतात जल्लाद. पाठीवर सरपण आहे ना, जाळायला. आणि हे कमरेला डोकं."

"किटली आहे ती," तूरुन म्हणाली.

"काय?"

"कॉफीची किटली. झाकण सारखं पडायचं म्हणून दोऱ्याने बांधलं होतं. तो बघ दोरा. आणि ते सरपण नाही, वाटेच्या खुणेच्या काठ्या आहेत. आणि अंगावरचा तो बस कंपनीचा रेनकोट आहे, माझ्या नवऱ्याचा."

वेमुंड टी-शर्ट पोटावरून पुढे ताणून, मान वाकवून उलटं चित्र बघत राहिला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडातला बनपाव तसाच राहिला. "उप्सेते," तो म्हणाला. "मार्च चौऱ्याण्णव. तबकडीच्या मागे छापलंय तसं." ती म्हणाली, "हो, मार्च चौऱ्याण्णव." मग तो हसायला लागला. खांदे, दाढी, टेबल, सगळं हलवत हसला, आणि तूरुनही हसली, शेजारच्या टेबलावरच्या बायका वळून बघेपर्यंत. "बाई, एक विनंती," तो डोळे पुसत म्हणाला, "माझ्या मित्रांना हे कळू देऊ नका. एकाने तर पाठभर गोंदवून घेतलंय. किटली गोंदवून घेतली हे त्याला सोसायचं नाही." आणि मग, हसू ओसरताना, सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "पण तुम्हाला काय वाटत होतं हो तेव्हा?"

तूरुनने तोंड उघडलं. 'भीती' हा शब्द जिभेवर तयारच होता, तीस वर्षं त्याच जागी ठेवलेला, हात घातला की सापडावा असा. पण तो बाहेर येईना. एवढ्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. सगळ्यांना ते आधीच माहीत होतं. "आठवत नाही," ती म्हणाली, आणि हे मात्र खरं होतं. वेमुंडने खिशातून फोन काढला, मोठे हेडफोन तिच्या ओल्या केसांवर अलगद बसवले आणि म्हणाला, "दुसरं गाणं ऐका. पहिली दोन मिनिटं कळ काढा. पाण्यासारखंच आहे, आधी गार लागतं."

आधी तिला दंतवैद्याचं यंत्र ऐकू आलं. मग पत्र्याच्या शेडमध्ये गांधीलमाशांचं पोळं. ढोल इतक्या घाईने वाजत होते की त्यांचा ठेकाच नाहीसा होऊन नुसती सर उरली होती, आणि फार लांब, बहुतेक डोंगराच्या पलीकडे, कुणीतरी घसा फाडून ओरडत होतं, ज्यात शब्द असे नव्हतेच. हेडफोन काढावेत म्हणून तिने हात वर नेला. समोर वेमुंड बोटांनी 'थांबा' म्हणत होता, तिला तो असाच 'थांबा' म्हणत पायरीवर चिकटून बसायचा. ती थांबली. आणि अंधाराला डोळे सरावतात तसे तिचे कान सरावले. तो गलबला हळूहळू गलबला राहिला नाही. तो चहूकडून सारखाच यायला लागला, त्याला पुढची बाजू राहिली नाही, मागची राहिली नाही, तो नुसता पांढरा झाला. आणि त्या पांढऱ्याच्या आत, अगदी सावकाश, कसलीही घाई नसलेली तीन-चार सुरांची एक ओळ चालली होती. वर चढायची, थांबायची, परत पहिल्यापासून. दुःखी मुळीच नव्हती. गार होती, आणि गार असण्यात तिला गंमत वाटत होती. तूरुनचे हात टेबलावर उताणे पडले. तिला बर्फाचा वास आला, म्हणजे कशाचाच वास येईना. डाव्या स्कीचा पट्टा निघाला होता, हातमोजे काढून तो लावेपर्यंत पुढच्यांचे माग बुजले होते, आणि मान वर करून बघते तो जग नव्हतं. तिने हाका मारल्या होत्या, नियमाप्रमाणे. हाक तोंडापाशीच पडायची. मग जागचं हलायचं नाही हा नियम आठवला, आणि ती हलली नाही, आणि थोड्या वेळाने तिला आढळलं की आपल्याला हलायचंच नाहीये. घरी आई होती, स्वयंपाकघरालगतच्या खोलीत खिळलेली, चमच्याने भिंत वाजवून बोलवायची. दोन्ही मुलांना कांजिण्या येऊन गेल्या होत्या, एकाच्या मागे एक. रैदार होता, सकाळी डोळे उघडायच्या आधी बोलायला लागणारा, चांगला, प्रेमळ, एक क्षण गप्प न बसणारा रैदार. आणि इथे काही नव्हतं. कुणी तिला बघत नव्हतं. तिला स्वतःची पावलंसुद्धा दिसत नव्हती. मग तिने उरलेल्या काठ्या पाठीवरून उतरवून आपल्याभोवती गोल रोवल्या, एक अंगण झालं. पुढे वाटलं, अंगणाला दार हवं, म्हणून एक काठी उपटून दार केलं. आणि त्या अंगणात उभं राहून तिने वर्गात हजेरी घ्यावी तशी एकेकाची नावं मोठ्याने घेतली, आईचं, मुलांचं, रैदारचं, नळदुरुस्तीवाल्याचं, आणि प्रत्येकाला म्हणाली, "सुटी. घरी जा." सगळे गेले. शेवटी तिने स्वतःचं नाव घेतलं आणि स्वतःलाही सुटी दिली. त्यानंतर जे उरलं ते इतकं हलकं, इतकं गार आणि इतकं आनंदी होतं की तिने तोंड उघडून एकच लांब सूर लावला, थंडीने कापणारा, आणि दम संपेपर्यंत सोडला नाही. परत लावला. किती वेळ, कोण जाणे. धुकं उठायला लागलं तेव्हा तिला वाईट वाटलं होतं. काठ्या परत पाठीवर बांधून ती दिसेल त्या उताराकडे निघाली, आणि त्या वेळी कधीतरी मागे तो गिटारवाला पोरगा कॅमेरा घेऊन उभा असणार, कुडकुडत, तिच्यासारखाच हरवलेला.

गाणं संपलं. "रडताय का बाई?" वेमुंडने घाबरून विचारलं. "नाही रे, क्लोरीन आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "लोक याला उदास म्हणतात का?" वेमुंडने खांदे उडवले. "माझी बायको म्हणते तळघरात कोंडल्यासारखं वाटतं. मला उलटं वाटतं. भट्टीपाशी दिवसभर उभं राहून घरी आलं आणि हे लावलं की कुणीतरी भिंतच काढून नेल्यासारखं." तूरुनने मान हलवली. या वेळी ती तिची स्वतःची मान होती. "चल," ती म्हणाली, "पाण्यात." त्या दिवशी तिने त्याला पाठीवर तरंगायला शिकवलं. मानेखाली एक हात, कमरेखाली एक, आणि त्याचं ते अवाढव्य अंग दगडासारखं आवळलेलं. "कान बुडव," ती म्हणाली. "बुडव रे. आत काय ऐकू येतं सांग." त्याने डोळे मिटून कान बुडवले. दाढी शेवाळासारखी पाण्यावर पसरली. हळूहळू त्याच्या अंगातला ताण सुटला, आधी मानेतून, मग कमरेतून. "तेच," तो छताकडे बघत फार मोठ्याने म्हणाला, कारण त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. "बाई, तेच वाजतंय." तूरुनने हात काढून घेतले होते, हे त्याला नंतर कळलं.

शनिवारपर्यंत तिने रैदारला सांगितलं नाही. सांगणार होती, रोज सकाळी ठरवायची. पण रैदारच्या बोलण्यात फट सापडली तरी त्या फटीत हे एवढं मोठं मावेना. शिवाय त्याला काय सांगायचं? तुझ्या गोष्टीतली मी ती नव्हेच? ती हरवली त्या संध्याकाळी वरच्या घराच्या पायरीवर तो बसला होता, बस चालवणारा दांडगा पुरुष, नाक गळेपर्यंत रडत. तिला बघून उठला आणि धडपडला. त्या रडण्यापुढे तिच्या चेहऱ्यावरचा आनंद अगदी उद्धट दिसला असता. म्हणून तिने तो पटकन आत घेतला, दाराबाहेर वाळत घातलेलं पाऊस आल्यावर आत घ्यावं तसा, आणि म्हणाली होती, "घाबरले होते रे." ते त्याच्यासाठी होतं. नंतर कुणाचं कुणासाठी, काही कळेनासं झालं. आणि सांगून सांगून जी भीती झाली तीही शेवटी खरीच भीती असते, धुकं दिसलं की तिच्या पोटात खड्डा पडायला लागला होता. शनिवारी गाडीत रैदार समोरच्या बाकावरच्या अनोळखी बाईला स्पेनमधल्या टोमॅटोंबद्दल सांगत होता. बोगदे येत होते, जात होते. प्रत्येक बोगद्यात काचेत तूरुनला स्वतःचा चेहरा दिसे आणि बाहेर पडलं की त्या जागी डोंगर.

घर घ्यायला आलेली दोघं तरुण होती, तिचं नाव सिग्ने, तो कमी बोलणारा, पाठुंगळीला वाफलचं पीठ घेऊन आलेला, दुसऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. त्यांनी घर पाहिलं, चूल पाहिली, छप्पर पाहिलं. आवडलं होतं, ते लपवता येत नव्हतं. वाफल झाले, त्यांवर तपकिरी चीजचे काप पडले, आणि सिग्नेने खिडकीतून वरच्या पठाराकडे बघत विचारलं, "इथे धुकं फार असतं का हो?" रैदारने खुर्ची पुढे सरकवली. तूरुनला त्या खुर्चीच्या आवाजावरूनच कळलं. "धुक्याचं विचारता?" तो म्हणाला. "अहो, आमची ही एकदा—" आणि गोष्ट सुरू झाली. काठ्या, पट्टा, माग बुजले. सिग्नेने हात गालावर ठेवला. ओठ निळे झाले. तूरुन आपल्या ताटलीतल्या वाफलच्या चौकटी मोजल्यासारखं करत ऐकत होती, आणि तिला वाटत होतं, आता तो वळणावर येईल, आता गिअर बदलेल, आता आवाज भरून येईल. "बिचारी इतकी भेदरली होती," रैदार म्हणाला.

"नाही," तूरुन म्हणाली. "भेदरले नव्हते."

रैदार थांबला. अर्ध्या वाक्यात थांबण्याची सवय नसल्याने त्याचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे?" "म्हणजे भेदरले नव्हते रे. मजेत होते. आयुष्यात इतकी मजेत कधी नव्हते." तिचा आवाज शांत होता, तलावाच्या काठावरचा. सिग्नेचा नवरा उठला आणि लाकडाची शेड जरा बघून येतो म्हणाला. सिग्नेलाही एकदम शेड बघायची झाली. दार लागलं. चुलीत एक लाकूड कोसळलं. रैदार आपल्या दोन्ही तळहातांकडे बघत होता, आणि तो गप्प होता, आणि तो गप्प असताना इतका म्हातारा दिसतो हे तिला ठाऊक नव्हतं. "मग मी उगाच रडलो," तो शेवटी म्हणाला. "उगाच नाही. मला बरं वाटलं होतं ते बघून." "तीस वर्षं लोकांना सांगतोय मी." "छान सांगतोस. मलासुद्धा खरं वाटायचं." यावर तो हसेल असं तिला वाटलं, पण तो हसला नाही. त्याने मान वर केली आणि ज्या प्रश्नाला ती आठवडाभर भीत होती तोच विचारला. "कशामुळे मजेत होतीस? मी नव्हतो म्हणून?"

तूरुनने विचार केला. खोटं बोलायचं तर हीच वेळ होती, आणि खोटं फार सोपं होतं. "हो," ती म्हणाली. "तू नव्हतास म्हणून. कुणीच नव्हतं म्हणून." रैदारचे ओठ घट्ट मिटले. "आणि तू खाली आहेस म्हणून," ती म्हणाली. "दोन्ही. खाली कुणी नसतं तर ते नुसतं हरवणं झालं असतं, रैदार. मी सगळ्यांना सुटी दिली होती. सुटी तिलाच म्हणतात ना, जिच्यानंतर परत जायचं असतं." हे तिने आधी ठरवलेलं नव्हतं, बोलल्यावर तिचं तिलाच कळलं. रैदारने तिच्या ताटलीतला उरलेला वाफल उचलला, तोंडात टाकला, आणि चावत चावत म्हणाला, "नळदुरुस्तीवाल्यालाही दिली होतीस का सुटी?" तिने चमकून पाहिलं. "तुला कसं कळलं?" "त्या महिन्यात तू झोपेतसुद्धा त्याला शिव्या द्यायचीस," तो म्हणाला. "मला वाटायचं, त्याच्यावर तुझं मन बसलंय की काय." आणि मग तो हसला, आधी नाकातून, मग सगळाच, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले, ते कशासाठी हे तिने विचारलं नाही.

शेडमध्ये त्या दोघांनी उगाच लाकडं रचून ठेवली होती. रैदार दारात उभा राहून त्यांना म्हणाला, "तुमची माफी मागायला हवी. घर विकायचं नाही असं दिसतंय. मलाही आत्ताच कळलंय." सिग्नेचा चेहरा पडला, पण तिच्या नवऱ्याने, दिवसभरात पहिल्यांदाच एवढं लांब वाक्य बोलत, म्हटलं की या घराचं असं व्हावं हे बरंच आहे, आणि उरलेलं पीठ इथेच ठेवून जातो. दुपारच्या गाडीला वेळ होता. सगळ्यांनी परत कॉफी घेतली. निघायची वेळ झाली तेव्हा तूरुन कोट घालायला उठली नाही. "मी राहते," ती म्हणाली. "सोमवारी येईन." रैदारने तिच्याकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, पुरेसं लाकूड आहे का ते पाहिलं, खिडकीची कडी ओढून पाहिली, आणि खूप काही बोलायचं असूनही फक्त टोपी घातली. उतारावरून ती तिघं स्टेशनकडे उतरत गेली. रैदार मधे, काठी टेकत, आणि वाऱ्यावर त्याचा आवाज मधूनमधून वर येत होता. सिग्नेच्या आजोबांची बस कोणत्या मार्गावर होती, ते तो शोधून काढत होता.

गाडी गेली. तूरुन पायरीवर येऊन बसली. सप्टेंबरचं गवत तांबूस झालं होतं, आणि वरच्या पठारावरून काहीतरी पांढरं, कसलाही आवाज न करता, ओढ्याच्या बाजूने खाली सरकत होतं. आधी शेड गेली. मग कुंपण. तिच्या पोटात तो ओळखीचा खड्डा पडला, आणि तिने त्याला पडू दिलं, पाण्यात उतरणाऱ्याचा पहिला श्वास अडू द्यावा तसा. इतक्यात फोन वाजला. गाडी अजून पहिल्या बोगद्यालाही पोचली नसेल.

"कशी आहेस?" रैदार म्हणाला.

"धुकं येतंय."

पलीकडे गाडीची खडखड ऐकू आली. "मजेत आहेस का?"

"अजून नाही," तूरुन म्हणाली. "तू फोन ठेव, म्हणजे होईन."

त्याचं हसू तिला ऐकू आलं, आणि मग, लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली त्यात पहिल्यांदाच, पुढे एक शब्दही न बोलता रैदारने फोन ठेवला.